माझा मोबाईलचा उपास

काय तोंडाने सांगू तुम्हाला! आमच्या खानदानातल्या समस्त आत्या-काकवा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आणि त्यांचं बरोबरच आहे!

झालं काय, संकष्टीच्या सकाळी आई वैतागली. "जेवताना मोबाईल, चहाला मोबाईल! मी आहे का गेले, तुला पत्ता तरी लागेल का रे? आज माझ्याबरोबर तूपण उपास कर. मोबाईलचा!"

"बस काय आई! करतो ना!" मी ऐटीत फोन देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवला. चंद्र दिसला की दोघांनी मिळून उपास सोडायचा, असं ठरलं.

दुपारपर्यंत माझी वाट लागली. आईशी गप्पा मारल्या, मोदकांसाठी नारळ खवून दिला, पण अंगठा आपला हवेतच स्क्रोल करतोय! पाणी प्यायला उठलो की पाय देव्हाऱ्याकडे.

"आज भक्ती उतू चाललीये," बायको म्हणाली.

अंधार पडताच मी गॅलरीत. चंद्रोदयाची वेळ बघणार कुठे? भिंतीवरचं कॅलेंडर मीच बंद केलेलं. मोबाईलमध्ये असतं ना सगळं!

मुलुंडला आता आकाश म्हणजे दोन टॉवरमधली फट. त्या फटीत एकदम पिवळाधमक गोळा दिसला.

"आई! चंद्र!"

आईने चष्मा पुसून हात जोडले. "चतुर्थीचा म्हणजे जरा जास्तच गोल वाटतोय रे."

"खात्यापित्या घरचा आहे. तू जेव!"

"तू म्हणतोस तर असेल." लग्नापासून एकही संकष्टी न चुकवलेल्या माझ्या आईने नैवेद्य दाखवला आणि मोदक तोंडात घातला.

तोवर मी फोन काढून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकलासुद्धा. 'चंद्रदर्शन झालं, सोडा उपास!' जोगेश्वरीची आत्या जेवली. बोरिवलीच्या दोन्ही काकवा जेवल्या.

आणि गॅलरीतून माझी लेक ओरडली, "बाबा, तुझा चंद्र सरकतोय!"

सरकतोय कसला, लोखंडी सळ्या उचलून चाललाय! नव्या टॉवरच्या क्रेनवरचा दिवा तो!

लेकीने ग्रुपवर खुलासा केला आणि तिथे जो शिमगा झाला म्हणता! आत्याने लिहिलं, "मेल्या, क्रेनला हात जोडले मी!"

आई मात्र ओरडली नाही. माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली. मी आत्याला 'सॉरी' टाइप करत होतो.

"हं? काय म्हणालीस?"

"काही नाही. जेव."

ती काय म्हणाली, ते दुसऱ्या दिवशी बायकोने सांगितलं. "मोडला तर मोडू दे उपास. आज दिवसभर पोरगा माझ्याशी बोलला."

आणि खरं सांगू? बायकोलाही ते मला दोनदा सांगावं लागलं.