पद्मजाचा अंगठा

मुलुंडमध्ये गाडी शिकायची तर पद्मजाकडे, हे बायकांमध्ये ठरूनच गेलं होतं. तिच्या मोटार ट्रेनिंग स्कूलची छोटी लाल गाडी दिसली की रिक्षावालेसुद्धा आपणहून बाजू देत. स्वतःविषयी शंका घ्यायची पद्मजाला सवय नव्हती आणि तशी वेळही कधी आली नव्हती. यंदा मात्र तिच्याकडे शिकणाऱ्या शेवंतीताई लायसन्सच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्या. शिकताना गाडी सरळ जायची. शेजारी इन्स्पेक्टर बसला की नागमोडी. सोमवारी जमलं नाही तर नाद सोडते, नवरा वारल्यापासून दारात उभी असलेली गाडीही विकून टाकते, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. पद्मजाला ते फार लागलं.

शनिवारी संध्याकाळी तिचा नवरा सुबोध लॅपटॉपवर एम्युलेटर लावून बसला होता. जुन्या कन्सोलचे गेम त्यावर चालतात, आणि सुबोधला कॉलेजातली कार रेस अजून सुटलेली नव्हती. पद्मजाने कंट्रोलर हातात घेतला मात्र, पहिल्याच सरळ रस्त्यावर तिची गाडी झोकांड्या खाऊ लागली. सुबोधला हसू आवरेना. कंट्रोलर बिघडलाय, असं पद्मजाने शांतपणे जाहीर केलं.

सुबोधने सेटिंग उघडलं. स्क्रीनवर एक गोल आणि त्यात ठिपका. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची स्टिक हलेल तसा तो हलणार. सुबोधच्या हातात ठिपका मधोमध गप्प बसला. पद्मजाच्या हातात जाताच थुईथुई नाचायला लागला.

"अगं, तू सारखी ढकलतेयस त्याला," सुबोध म्हणाला.

खरंच होतं. शिकणारीच्या शेजारी बसून तिच्या स्टिअरिंगला बारीक बारीक धक्के द्यायची उजव्या हाताची खोड डाव्या अंगठ्यात उतरली होती. मग तिने डेडझोन वाढवला, म्हणजे अंगठा थोडासा हलला तर गाडीने मनावर घ्यायचं नाही. आधी इतका वाढवला की गाडी वळेचना, थेट भिंतीवर आदळली. मग थोडा कमी केला, सेन्सिटिव्हिटीही जराशी उतरवली, आणि गाडी सुतासारखी सरळ निघाली. तिने सुबोधला हरवलं, पण तिला शेवंतीताई आठवत होत्या.

रविवारी सकाळी शिकवायला बसताना तिने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. गाडी जराशी डावीकडे ओढली गेली. पद्मजाने दात आवळले. शेवंतीताईंनी ती स्वतःच सरळ केली.

"मॅडम, आज स्टिअरिंग हलक्या लागता," त्या म्हणाल्या. "गॅरेजात नेलात काय?"

पद्मजा हो म्हणाली.

सोमवारी टेस्टच्या मैदानावर ती कुंपणापाशी उभी राहिली. मध्येच गाडी कलली तसा तिचा उजवा हात आपोआप वर गेला. तिने तो डाव्या हाताने धरून खाली ओढला. तिकडे गाडी सरळ झाली आणि शेवटपर्यंत तशीच गेली. इन्स्पेक्टरने पास केलं.

परत येताना शेवंतीताईच चालवत होत्या. पद्मजाने घर येईपर्यंत हात मांडीखालून काढला नाही.