बंद झालेल्या घड्याळाचा भाव

समोरच्या माणसाच्या मनगटावर जाड कडीचं, पाणबुडे वापरतात तसलं घड्याळ दिसलं की काका न विचारता त्याचा हात धरत. अंगठ्यानं काचेभोवतीची कडी कटकट फिरवून बघत आणि विचारत, "पाण्यात गेलंय का हे?"

बहुतेकांचं गेलेलं नसे. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका तरुण इंजिनिअरनं अभिमानानं सांगितलं होतं, "काका, दोनशे मीटर खोल चालतं हे." त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि तू किती खोल चालतोस?" आरतीची रांग हसली. ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच राग आलेला होता.

रागीट माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा राग येतो आणि जातो. यांचा राहायलाच आलेला होता. विसर्जनाला हुगळीच्या घाटावर ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहत आणि शेवाळलेल्या पायरीवर कुणी मूल उतरवलं की त्याच्या बापाला चारचौघांत फैलावर घेत. नंतर प्रसाद न घेता निघून जात. त्यांना बोलवावं की नाही यावर मंडळात दरवर्षी चर्चा होई, आणि घाटावर काही झालं तर काय, म्हणून दरवर्षी बोलवलं जाई.

ते मूळचे मालवणकडचे. खिदिरपूरच्या गोदीत तीस वर्षं पाणबुडे होते. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, गोदीच्या दरवाजाखालचा गाळ चाचपायचा, असली कामं. माझी त्यांची ओळख बुडालेल्या एका मालवाहू बार्जमुळे झाली. मी विमा कंपनीत सागरी दाव्यांचं काम बघते. बुडालेल्या मालाची किंमत ठरवणं हा माझा धंदा. बार्जच्या तळाला भोक नेमकं कुठे आहे हे सांगायला त्यांना बोलावलं होतं. मी आईशी फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि निवृत्त झाल्यावरही ते मला अधूनमधून फोन करत राहिले. मला ते 'बाई' म्हणत, मी त्यांना 'काका'.

मला एक घड्याळ हवं होतं. त्याची हकिगत साधी आहे. बदली होऊन कोलकात्याला आले तेव्हा एस्प्लनेडच्या एका दुकानाच्या काचेत ते पाहिलं होतं. जपानी बनावटीचं, काळ्या तबकडीचं, पाणबुड्यांसाठी केलेलं, पण नोकरदाराला परवडेल असं. किंमत नऊ हजारांच्या आसपास. पुढच्या महिन्यात घेऊ म्हणत मी तीन वर्षं काढली आणि कंपनीनं ते करणंच बंद केलं. मग त्याचा भाव चढायला लागला. पंधरा, बावीस, तीस. हौशी लोकांच्या याद्यांवर मी ते आकडे बघत बसे. तेच घड्याळ, तोच पत्रा, तीच काच. फक्त आता ते मिळत नाही, एवढाच काय तो त्याचा नवा गुण.

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की हे घड्याळ त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या टोळीतल्या चौघांनी एकदम घेतलं होतं. चारही सारखी, अदलाबदल व्हायची, म्हणून प्रत्येकानं पाठीमागे खिळ्यानं आपलं अक्षर कोरलं होतं. तीस हजारांचा आकडा ऐकून ते इतके भडकले की मी फोन कानापासून लांब धरला. मजुराच्या हातातली वस्तू हे लोक मखमलीवर ठेवून विकतात, असं ते बराच वेळ बोलत राहिले.

तरीही एस्प्लनेडमागच्या गल्लीत एका विक्रेत्याकडे तसं घड्याळ आल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांनाच सोबत घेऊन गेले. खरंखोटं ओळखायला दुसरं कोण होतं?

दुसऱ्या मजल्यावरची थंडगार खोली, बाहेर पाटी नाही. विक्रेता गोड बोलणारा होता. त्यानं मखमलीच्या ताटलीत घड्याळ पुढे सरकवलं आणि भाव सांगितला, सत्तर हजार. मी म्हटलं, बाजारात तीसला मिळतं. तो म्हणाला, मॅडम, ती नुसती घड्याळं आहेत, याला इतिहास आहे. हे खिदिरपूरच्या एका पाणबुड्याचं. हे हातात असतानाच तो पाण्याखाली मेला.

त्या क्षणी मला ते घड्याळ आधीपेक्षा जास्त हवंसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं खरं. पन्नासला देईल का, असं माझ्या मनात आलंसुद्धा.

काकांनी घड्याळ उलटं केलं. पाठीमागे खिळ्यानं कोरलेलं बंगाली अक्षर होतं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नेहमीसारखे ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बौदीला किती दिलेस?"

बौदी म्हणजे वहिनी. त्यांच्या टोळीतल्या, कामावर मेलेल्या जोडीदाराची बायको. विक्रेत्यानं मान्य केलं. जुनी घड्याळं शोधत त्याचा माणूस गोदीतल्या लोकांच्या घरी फिरतो, हावड्याला त्या बाईकडून अडीच हजारांना घेतलं, पावती आहे. यात बेकायदा काही नव्हतं. मी दाव्यांचे कागद वाचून केस पांढरे केलेत, मला कळतं.

खाली फुटपाथवर त्यांनी मला सगळं सांगितलं. मातीच्या भांड्यातला चहा निवत होता आणि ते बोलत होते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जहाजाच्या पंख्यात जाड दोर गुंडाळला होता आणि भरतीच्या वेळेत ते जहाज गोदीबाहेर काढायचं होतं. जोडीदार खाली उतरला. हवा द्यायचा पंप जुना, म्हणून त्यांचा नियम होता, पंचवीस मिनिटांनी माणूस वर आणायचा आणि दुसरा सोडायचा. कंत्राटदाराच्या मुकादमाला माणूस बदलण्यात वेळ घालवायचा नव्हता. बारा वाजता जोडीदाराला वर काढला तेव्हा तो गेलेला होता. वहीत लिहिलं होतं, अकरा चाळीसला उतरला. म्हणजे वीस मिनिटं. हृदय बंद पडलं, कुणाचा दोष नाही.

"पण घड्याळ होतं ना बाई त्याच्या हातात," ते म्हणाले.

पाण्यात उतरताना पाणबुड्या कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग काटा त्रिकोणापासून जितका पुढे जाईल तितकी मिनिटं झाली. मेलेल्या माणसाच्या मनगटावरचा त्रिकोण दहा मिनिटांच्या खुणेवर होता. तो अकरा दहाला उतरला होता. पन्नास मिनिटं खाली होता.

त्यांनी कडीवर पट्टी चिकटवून घड्याळ जपलं आणि चौकशी करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी जाणकाराला विचारलं. जाणकार म्हणाला, ही कडी एकाच बाजूला फिरते. धक्का लागला तर जास्त मिनिटं झाल्यासारखं दिसतं, कमी कधीच नाही. ते खरंच आहे. ती तशी मुद्दाम केलेली असते, चूक झालीच तर माणूस लवकर वर यावा म्हणून. साहेबांनी लिहिलं, धक्क्यानं कडी सरकली असण्याची शक्यता आहे. माणसाला वाचवायला केलेली सोय त्याच्याच विरुद्ध पुरावा झाली. नुकसानभरपाई नाही.

असली वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत. 'शक्यता नाकारता येत नाही' हे तर माझ्या हातचं. त्याखाली कोण होतं हे बघायला मी कधी कुठल्या घरी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका त्या खोलीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. घड्याळ बघायला कुणी आलं की ते शांतपणे सांगत, माणूस कसा मेला, वहीत काय लिहिलं, बाईला किती मिळाले. ओरडणं नाही, शिवी नाही. गिऱ्हाईक चुळबुळ करून निघून जाई. चौथ्या दिवशी विक्रेत्याचा मला फोन आला. मॅडम, तुमच्या काकांना घेऊन जा, आणि अडीच हजारांत घड्याळही घेऊन जा.

अडीच हजारांत घ्यायला काका तयार नव्हते. मी पैसे देऊ केले, तेही नकोत म्हणाले. नवं घेतलं तेव्हा जेवढ्याला होतं तेवढे त्यांनी मोजून दिले आणि पावतीवर 'जुने वापरलेले घड्याळ' एवढंच लिहायला लावलं.

"घड्याळाचा भाव घड्याळाचा," ते म्हणाले. "मेलेल्याचा नाही आणि त्याच्या बायकोच्या अडचणीचाही नाही."

मला ते फार पटलं. इतक्या वर्षांत किमतीबद्दल इतकं नेमकं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. घड्याळ बौदीला परत द्यायला ते मलाही सोबत घेऊन गेले तेव्हा मी जवळजवळ आनंदात होते.

हावड्याला एका छोट्या कारखान्याच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर. पन्नाशीची बाई, हाताला शिवणकामाचा खडू लागलेला. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. काकांनी रुमालातून घड्याळ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती दचकून मागे सरकली.

"हे कशाला आणलंत, दादा?" ती बंगालीत म्हणाली. तेवढं बंगाली मला आता कळतं.

काकांनी विक्रेत्याबद्दल सांगायला सुरुवात केली. कसं फसवलं, किती कमावणार होता. तिनं त्यांना पुरं बोलू दिलं. मग म्हणाली की तिला कुणी फसवलं नाही. वीस वर्षं ते कपाटात होतं आणि कपाट उघडताना तिला धडधडायचं. तो माणूस न्यायला आला तेव्हा तिनं भाव विचारलाच नव्हता. त्यानं फुकट मागितलं असतं तरी दिलं असतं. त्या दिवशी तिला झोप लागली होती. आणि आता हे परत घरात.

"तुमचा राग तुमच्या घरी ठेवा ना," ती म्हणाली. "माझ्या घरी का आणता?"

काका म्हणाले, मुकादमानं वहीत खोटं लिहिलं, ते कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

रागानं तिचा आवाज बारीक झाला होता. "आमचे हे मला सांगायचे, दादा खाली गेला की मी वरून त्याच्या कमरेचा दोर धरतो, मी गेलो की तो माझा धरतो. म्हणून तू घाबरू नकोस. त्या दिवशी दोर तुमच्या हातात होता ना?"

"होता," काका म्हणाले.

एवढंच. तिनंही पुढे विचारलं नाही. वीस वर्षं तिला माहीत होतं आणि वीस वर्षं ती त्यांना दादा म्हणत आली होती. तिनं पाण्याचे पेले उचलले आणि आत गेली. काकांनी घड्याळ परत रुमालात बांधलं आणि आम्ही बाहेर पडलो.

परतताना लाँचमध्ये गर्दी कमी होती. ते बाकावर बसले. नदीकडे न बघता, पायाखालच्या फळ्यांकडे बघत बोलले.

"मुकादम म्हणाला, पाच मिनिटं थांब. मग परत म्हणाला, पाच मिनिटं. माझ्या मनगटावर तेच घड्याळ होतं, बाई. मी बघत होतो. पन्नास मिनिटं मी घड्याळच बघत होतो."

मला कंत्राटदाराचा राग आला. दुसऱ्या दिवशी काम मिळणार नाही या धाकानं माणसाचे हात बांधणाऱ्या मुकादमाचा आला. शक्यता लिहिणाऱ्या साहेबाचा आला, माझ्या स्वतःच्या सहीचा आला. आणि या सगळ्यांनंतर मला काकांचाही राग आला. त्यांच्याही हातात दोर होता, आणि इतकी वर्षं ते आम्हा सगळ्यांवर ओरडत होते. तो राग मला लपवता आला नाही. मी तोंड वळवून बसले. त्यांनी ते पाहिलं, हे मला माहीत आहे. घाटावर उतरल्यावर त्यांनी नेहमीसारखं, 'बाई, जपून जावा,' म्हटलं नाही. बसच्या दिशेनं चालायला लागले.

मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. पुढच्या गणपतीला ते आले नाहीत. घाटावर शेवाळलेल्या पायरीवर मुलं उतरली आणि कुणी काही बोललं नाही.

मग एका रविवारी मी खिदिरपूरला त्यांच्या खोलीवर गेले. मला त्यांना सांगायचं होतं की हुकूम वरून आला होता, आणि दोर कुणाच्याही हातात असता तरी त्या दिवशी तेच झालं असतं. हे मला पुरतं पटलेलं नव्हतं, पण सांगायचं होतं. ऑफिसात बसून मी ते वाक्य दोन-तीन वेळा बदललंही होतं.

दार उघडं होतं. आत नवं बिऱ्हाड आलं होतं. कढईत मासे तळले जात होते, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. त्या घरातल्या बाईनं सांगितलं की आधीचे म्हातारे गावी गेले, पत्ता ठेवला नाही, पण जाताना खोली स्वच्छ धुऊन गेले. मग तिनं ज्योत बारीक केली आणि विचारलं, त्यांच्यासाठी काही निरोप आहे का, कधी आले तर देईन.

मी नाही म्हटलं.