एका मंचावर दोघी उमेदवार

लातुरात मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. माहेर हदगावचं, तिथं मी ट्रॅक्टरवर हात बसवला होता, त्यामुळं लग्नानंतर ड्रायव्हिंग स्कूल काढायची भीती वाटली नाही. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याच्यावर पाय ठेवून बसलं की शहराच्या खोडी नीट कळतात. गंजगोलाईला सगळीकडून रस्ते येऊन मिळतात आणि जो तो आपलाच रस्ता मोठा समजून घुसतो. शाळा सुटताना तर पालकांच्या गाड्या फाटकाला अशा भिडतात की लेकरांना बाहेर पडायला वाट राहत नाही. हे सगळं मी शिकवता शिकवता बोलायचे. ते एका छोट्या पक्षाच्या कानावर गेलं. महापालिकेची निवडणूक लागली होती, आमच्या प्रभागात महिलांसाठी राखीव जागा होती आणि त्यांना उमेदवार मिळत नव्हती. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.

आमचे हे कॉलेजात क्लार्क. म्हणाले, "उभी राहा. फक्त चौकात माझा फोटो लावू नकोस."

"कुणाचाच लावणार नाही," मी म्हटलं. आमचा पहिला मुद्दाच तो होता. फ्लेक्स नाहीत, भोंगे नाहीत, आणि मतदानाआधी सगळ्या उमेदवारांनी एका मंचावर बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दुसरं, चार नगरसेवकांचा प्रभाग बंद करून वॉर्डाला एकच नगरसेवक ठेवायचा. आज गटार तुंबलं की चौघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. शाळा भरताना आणि सुटताना समोरच्या रस्त्यावर चारचाकी बंद. आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी त्याच इमारतीच्या बोअरमध्ये सोडायचं. उन्हाळ्यात टँकरमागं पळण्यापेक्षा ते बरं.

प्रभागाचं राज्य सरकार ठरवतं, नगरसेवकाच्या हातात ते नसतं, हे मी घरोघर स्वतःहून सांगायचे. एक आजोबा म्हणाले, "मग सांगायलीस कशाला?" बाकी बहुतेक जण एवढंच विचारायचे, नळाला पाणी रोज कधी येणार?

मोठ्या पक्षाची उमेदवार माझीच विद्यार्थिनी निघाली. नवरा बिल्डर. ती कार शिकायला यायची तेव्हा तो मागच्या सीटवर बसून मला सूचना करायचा. शेवटी मी त्याला खाली उतरवलं होतं. आता फ्लेक्सवर तिचा फोटो होता आणि शेजारी त्याचा, तिच्याहून मोठा. प्रचारात ती हात जोडून मागं उभी राहायची, बोलायचा तोच.

पोलिसांची परवानगी काढून मी कॉलनीच्या पटांगणात सभा ठेवली आणि आमच्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना बोलावलं. तिच्या नवऱ्याचा फोन आला. "मॅडम, आमच्या मंडळीला जमणार न्हाई. काय बोलायचं ते मी येऊन बोलतो की."

"उमेदवार तुम्ही नाही," मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी लोक बऱ्यापैकी जमले, पण मंचावर मी एकटीच. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या बघून मला ओशाळल्यासारखं झालं. मी बोलायला उठणार तेवढ्यात ती स्कूटीवरून आली. एकटीच. पदर खोचून थेट माझ्या शेजारी येऊन बसली.

"घरी सांगून आलीस का?" मी हळूच विचारलं.

"हाव. सांगून आले, विचारून न्हाई."

पहिला प्रश्न रिक्षा स्टँडवरच्या चाचांचा होता. "मॅडम, रस्ता बंद करून राहिल्या तुम्ही. आमी लेकरं कुठं उतरवायची? शाळेच्या लेकरांवरच आमची रोजी हाय."

"बंदी चारचाकीला आहे, चाचा."

"कागदावर. पोलीस पयले रिक्षाच अडवतो."

त्यांचं खरं होतं. मी तसं कबूल केलं आणि यावर विचार करावा लागेल म्हटलं. तेव्हा ती उठली. "शाळेमागचा मोकळा प्लॉट आमचाच हाय," ती म्हणाली. "सकाळ-दुपार रिक्षा तिथं थांबू द्या. बांधकाम सुरू होईपर्यंत तरी."

टाळ्या पडल्या. तिच्या मानेपर्यंत लाली चढली. मागून आवाज आला, "कोणाला विचारून?" नवरा गाडीतून उतरून गर्दीच्या कडेला उभा होता. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाली, "प्रश्न असंल तर रांगेत या." लोक हसले. तो काही रांगेत आला नाही. पण गेलाही नाही, शेवटपर्यंत उभा राहिला.

ती निवडून आली. मी चौथी. त्या सभेनं तिचीच मतं वाढवली असं आमच्या पक्षातले लोक म्हणत होते, आणि मलाही तसंच वाटत होतं. माझ्याच घराच्या कोपऱ्यावर तिच्या अभिनंदनाचा इमारतीएवढा फ्लेक्स लागला, तो वाऱ्यानं फाटेपर्यंत तसाच राहिला.

मग एके दिवशी ती घरी आली. चहा घेतला आणि म्हणाली, "मॅडम, प्लॉट मिळंना. घरात लई झालं त्याच्यावरून."

"मग?"

"शाळेला मागून भिंत फोडून दरवाजा करता येईल का, चला विचारू."

आम्ही दोघी मिळून गेलो. मुख्याध्यापकांनी आधी भिंतीचं कारण सांगितलं, मग शिपाई नसल्याचं. चार खेपा झाल्या. शेवटी लहान वर्गांसाठी मागच्या गल्लीत दरवाजा झाला आणि रिक्षा तिकडं लागू लागल्या. चाचांची तक्रार आहे की गल्लीत कुत्री लई.

आमच्या इमारतीनं गच्चीचा पाइप बोअरला जोडला. सभेला आलेल्या बायकांनीच सोसायटीत तो विषय लावून धरला. प्रभाग अजून चार जणांचाच आहे. महापालिकेच्या बैठकांना ती स्वतः जाते, नवरा बाहेर गाडीत बसतो. शाळेतल्या मोठ्या मुलांचा दरवाजा मात्र समोरच उघडतो आणि तिथं गाड्या अजूनही लागतात. त्यावर आमचं दोघींचं बोलणं चालू आहे.