आधी माप, नाव शेवटी

आमची प्लाटून तेव्हा कच्छच्या सीमेवर होती. मी लान्स नायक, आणि माझा सेक्शन कमांडर हवालदार सखाराम जाधव, पाटण तालुक्यातला. बोलायला कमी, शिव्या द्यायला त्याहून कमी. फौजेत असा माणूस जरा विचित्रच दिसतो.

एका तिन्हीसांजेला कुंपणापाशी तांबूस पाठ हलली. नव्या शिपायाने रायफल खांद्याला लावली. "वाघ!"

सखारामने त्याची नळी खाली दाबली. "केवढा आहे? शेपूट केवढं? कान कसे? आधी माप, नाव शेवटी."

जनावर उठलं. कुत्र्याएवढं, आखूड शेपूट, कानांच्या टोकांना काळे गोंडे. तो शशकर्ण होता, इंग्रजीत कॅराकल म्हणतात तो. आमच्याकडे एकदा तुच्छतेने बघून झुडपात गेला. सखाराम म्हणाला, "भीती वाटली की आपण आधी नाव ठेवतो आणि मग तेच दिसायला लागतं." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं नाही.

आता मी सुभेदार म्हणून निवृत्त आहे. घरी बसवेना, म्हणून दुबईपलीकडे, फुजैराच्या डोंगरात एका दगडखाणीवर सेफ्टी सुपरवायझर झालो. खाली वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, आमचा पाण्याचा पंप आहे. तो देवरूखकडचा दिलीप घाग एकटा सांभाळतो. बसायला पत्र्याचा कंटेनर.

ऑगस्टमधली दुपार. दिलीपने फोनवर फोटो पाठवला. उन्हाच्या झळांत एक पिवळसर पाठ, बाकी सगळं दगडच. आमचा इंजिनिअर रोहन दुबईत वाढलेला. त्याने फोटो लगेच प्राणी ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला.

"Uncle, it says mountain lion."

"डोंगरी सिंह? तो अमेरिकेत असतो ना?"

"Somebody's pet, maybe. सुटला असेल."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इथे हौसेला मोल नाही, लोक सिंहसुद्धा पाळतात. तेवढ्यात रेडिओ वाजला.

"साहेब, जनरेटर बंद पडलाय. एसी खलास. ते जनावर जनरेटरच्या सावलीत बसलंय. माझं प्यायचं पाणी बाहेर टाकीत. ओव्हर."

पोलिसांना कळवलं. त्यांना यायला तास लागणार होता. आमची गाडी निघाली, पण दरडीमुळे शेवटचा टप्पा पायी होता. दिलीपला उलटी झाली होती आणि शब्द जड येत होते. उन्हात तापलेल्या पत्र्यात तासभर माणूस टिकत नाही. बाहेर सिंह असेल तर दार उघडूनही टिकत नाही.

"दिलीप, नाव नको. त्याच्याजवळ काय आहे?"

"डिझेलचा कॅन. वीस लिटरचा."

"कॅनपेक्षा उंच?"

"बसलंय. थोडंच उंच."

म्हणजे मोठा सिंह नाही. पण पिल्लू असू शकतं, आणि पिल्लू असेल तर आई जवळपास.

"शेपूट केवढं?"

"अंगाखाली आहे. दिसत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजे नाही सांगत साहेब. उठू दे."

आखूड, एवढं म्हणाला असता तर मी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं. घसा कोरडा, डोकं गरगरणारं, पाणी दहा पावलांवर, आणि हा पठ्ठ्या न दिसलेली गोष्ट सांगायला तयार नाही. फौजेत मी मेडल लावलेली माणसं पाहिली आहेत. त्यांच्यातही हे सगळ्यांना जमत नाही.

"उठलं. शेपूट आखूड, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. कानांवर काळे केस, गोंड्यासारखे."

"त्याला पळायला वाट आहे?"

"मागे डोंगर मोकळा आहे."

"पत्रा बडव. गेलं की टाकीखाली बस."

रेडिओवर पत्र्याचा दणदणाट आला. मग दाराची कडी, आणि मग नुसता पाण्याचा आवाज. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिलीप नळाखाली कपड्यांसकट बसला होता. "साहेब, हे विचारायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी सांगितलं. पुढचंही सांगितलं. काश्मीरमध्ये एका घराला आमचा वेढा होता. दार उघडलं, कुणीतरी वाकून बाहेर आलं. सखारामने गोळी रोखून धरली, झाडली नाही. ती म्हातारी बाई होती. तो तिला ओढून घ्यायला पुढे झाला आणि आतून फायर आला. बाई वाचली. काही जण म्हणाले, आधी गोळी घातली असती तर जाधव जगला असता. खरं आहे. पण मग तो सखाराम राहिला नसता.

दिलीपने जाधवांचं गाव विचारून घेतलं. डिसेंबरात सुट्टीवरून परतला तेव्हा सरळ माझ्या खोलीवर आला.

"पाटणला जाऊन आलो साहेब. जाधव वहिनींना भेटलो."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, हवालदार साहेबांनी मला कंटेनरमधून बाहेर काढलं."