डुक्कर कुणाच्या नावानं

धुकं त्या दिवशी पार दरीपर्यंत उतरलं होतं, म्हणून आम्ही बायका खुशीत होतो. ओल्या हवेत वाखाची साल झटक्यात सुटते. ऊन लागलं की तीच चामड्यासारखी चिकटून बसते. युंगायच्या अंगणात आम्ही बांबूच्या चिमट्यातून वाख ओढत बसलो होतो. तिची लेक इवाल सगळ्यांच्या पुढं. सोळाची पोर, पण हात असे चालत की बघत राहावं.

इवाल तैपेईहून परत आली त्याला एक हिवाळा उलटला होता. बाप नाही म्हणून चुलत्यानं, वातानानं, तिला 'शिवणाच्या कारखान्यात लावतो' असं सांगून नेलं होतं. कारखाना नव्हताच. बाहेरून कुलूप लावलेलं घर होतं, तिथं पुरुष येत. पोलिसांनी कुलूप तोडलं तेव्हा ती सुटली. तोवर वातानाच्या दारात नवीकोरी मोटरसायकल उभी राहिली होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण लोक आवाज खाली करायचे ते इवाल दिसली की. वातान दिसला की नाही.

त्यात राळ्याला अळी पडली, शिकारीला गेलेले रिकाम्या हातानं परतले. मग कुजबुज सुरू झाली. आम्हा डोंगरातल्या तायल लोकांत गागा मोडली, म्हणजे वाडवडलांची रीत मोडली, की भोग सगळ्या कुळाला. त्यावर उपाय एकच. चुकलेल्याच्या नावानं डुक्कर कापायचं, त्यानं रक्ताला बोट लावायचं, मटण घरोघर वाटायचं. पुन्हा विषय काढायचा नाही.

धुक्यातून माणसं आली ती युंगायचंच डुक्कर बांधून घेऊन. पुढं बातूआबा, कुळातले थोरले. मागं हातात सुरा घेऊन वातान. घरातला पुरुष तोच ना!

इवालनं चिमटा खाली ठेवला. "आबा, कुणाच्या नावानं?"

"तुझ्याच, पोरी. एकदा धुऊन निघालं की सुटलीस."

"काय धुवायचंय माझं?"

"इवाल, गप बस गं," युंगाय रडकुंडीला आली. "होऊन जाऊ दे एकदाचं. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"माझ्या नावानं कापलं तर चूक माझी ठरली, आये. कायमची." ती उठली आणि सरळ डुकरापाशी जाऊन उभी राहिली. "आबा, सुरा बरोबर माणसाच्या हातात आहे. नाव तेवढं चुकलंय. काका, तुझं नाव घे आणि काप."

"लई शहाणी झालीस व्हय तैपेईला जाऊन?" वातान उसळला. "मला काय सपान पडलं होतं? तैपेईची ती पोरींना कामाला लावणारी बाई कारखाना म्हणाली होती!"

"मग तेच म्हण की. सुरा हातात आहे, वाडवडील ऐकतायत. 'मला ठाऊक नव्हतं' एवढंच म्हण. मी लावते रक्ताला बोट."

सुरा हातात घेऊन खोटं बोललेल्या माणसाला रानडुक्कर फाडतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. वातानानं हातातल्या सुऱ्याकडं बघितलं. मग त्यानं सुरा जमिनीवर टाकला.

"बायकांच्या तोंडी कोण लागतंय!" म्हणत तो चालता झाला.

"आणि मटण?" टोपली घेऊन आलेली लावाम्हातारी कळवळली. "पाणी उकळलंय की गं तिकडं!"

"त्या पाण्यात पाय शेक तुझे," मी म्हटलं.

बातूआबांनी काठीनं सुरा बाजूला सारला. "आज डुक्कर कापायचं नाही," ते म्हणाले. "वातान स्वतःचं डुक्कर घेऊन येईस्तोवर त्याच्याबरोबर कुणी शिकारीला जायचं नाही. त्याच्या चुलीवरचं खायचं नाही."

"आणि ही?" मागून कुणीतरी विचारलं.

"हिचं काय? हिनं काय केलंय?"

युंगाय खाली वाकली. गाठ ओली होती, तरी कुणाला हात लावू न देता तिनं डुकराचे पाय स्वतः सोडले. डुक्कर उठलं ते थेट आमच्या सोललेल्या वाखावरूनच धावलं.

"अरे मुडद्या, सकाळपासूनचं काम रे!" इवाल ओरडली, आणि कोयता उचलून त्याच्यासाठी रताळ्याचे वेल कापायला उतारावर गेली.