घट उठायच्या आधी लावलेले बटाटे

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. वडील थोरल्या भावाला मारायचे, भाऊ मला मारायचा, आणि मी हाताला लागेल ते त्याच्यावर फेकायचो. दोघांची लग्नं झाली तरी ही खोड सुटली नाही.

महाळुंगे पडवळ या आमच्या गावी घरामागच्या परसात आम्ही दोघं खाण्यापुरते बटाटे लावतो. निम्मं परस त्याचं, निम्मं माझं. दसऱ्याला देवापुढचे घट उठेपर्यंत बेण्याच्या बटाट्यांना विळा लावायचा नाही, असा घरचा रिवाज. मला तो निव्वळ खुळचटपणा वाटायचा. त्या वर्षी मोबाईलवर कुणाचं तरी ऐकून मी घट बसले त्याच दिवशी बेणं चिरलं, फोडींना राख फासली आणि सुकू न देताच मातीत गाडलं.

"जिमीन अजून तापल्याली हाय. कुजंल समदं," भाऊ म्हणाला.

"तुझं तू बघ."

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याला कुंपणावर ढकललं. बायकांनी आम्हाला सोडवलं. दोन दिवसांनी पाऊस झोडपून गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर भाऊ माझ्या सरीत उकिडवा बसून माती उकरतोय. माझं डोकं फिरलं. खोटं कशाला सांगू, त्याचा हात कुठं आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी खोरं उचललं आणि त्या हातावर घातलं.

हाड मोडल्याचा आवाज आला. उजवा हात, ज्यानं तो रोज चार गायींच्या धारा काढायचा. रक्त सरीतून वाहायला लागलं. शेजारच्या घमेल्यात माझ्या काळ्या पडलेल्या, घाण वास मारणाऱ्या फोडी होत्या, आणि पिशवीत त्याचे कोंब फुटलेले अख्खे बटाटे.

"तुझं सडलं व्हतं," तो दात खात म्हणाला. "माझं घालत व्हतो. तुला कळलंबी नसतं."

मंचरच्या दवाखान्यात हात वाचेल का, एवढंच मी विचारत राहिलो. हात वाचला. बोटं मात्र ताठ राहिली.

आता त्याच्या गायींच्या धारा मी काढतो. तो शेजारी उभा राहून बघतो, आणि ते मला सहन होत नाही. एकदा मी बादली खाली आपटली.

"मार मला. जीव खाऊन मार एकदा, मंजी फिटंल."

त्यानं हात वर करून बघितला.

"कसा मारू? मूठ वळत न्हाई."