बोडीच्या तोंडाशी बेशरम

२४ सप्टेंबर. तुडूम साफ करायचं होतं. बोडीच्या पाळीत तळाशी जे भोक ठेवलेलं असतं, ज्यातून खालच्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना, पाणी सोडतात, ते तुडूम. उशिरा पिकणारं जड धान गर्भात येतं, लोंबी आत धरतं, तेव्हा त्याला एक पाणी लागतं, आणि त्याआधी तुडुमात अडकलेली पानं, शेवाळ, मेलेले खेकडे काढून टाकावे लागतात. हे काम दोन माणसांचं आहे. एकाने आतून हात घालायचा, दुसऱ्याने बाहेरून बांबूने ढोसायचं. नवरा गेल्यापासून मी दोन्ही बाजूंना आळीपाळीने जाते. वेळ दुप्पट लागतो, बाकी काही अडत नाही.

आमची बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेलं लहानसं तळं. एक नाला तिच्यात पाणी आणतो. नाल्याच्या पलीकडे फाटा आहे, जिथे केशोरीकडचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या वळणावर ट्रक उलटायचे, म्हणून फाटा रुंद करायला घेतला. ते व्हायलाच हवं होतं. कोपऱ्यावरची जमिनीची पट्टी मीही दिली. फक्त एक अट घातली, बोडीत माती उतरू द्यायची नाही. साइटवरचा इंजिनीअर बाहेरगावचा होता, पण सरळ होता. म्हणाला, आमच्या कागदांतही तेच लिहिलं आहे.

फाटा रुंद झाला आणि रिकामा झाला. शेजारची दोन्ही घरं गावात सरकली. चहाची टपरी चालवणारी बाई तिच्या भावाकडे गेली. बस आता बरीच पुढे थांबते. पूर्वी मी अंगणात नुसती उभी राहिले तरी कुणीतरी विचारायचं, "काऊन बाई, जेवली का?" आता गाड्या येतात आणि जातात, त्यांच्या काचा वर असतात. मधे काही दिवस मी तापाने पडले होते. कुणाला कळलं नाही. उतरल्यावर उठले आणि भात लावला.

पावसाळ्याच्या तोंडाशी रस्त्याच्या लोकांनी नाल्याच्या काठाने तणसाचे, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचे, घट्ट बांधलेले पेंढे खुंट्या ठोकून रचले होते. रस्त्याची उकरलेली माती पाण्याबरोबर आली की पाणी झिरपून जावं आणि माती पेंढ्यापाशी थांबावी, असं ते काम. कागदावर ठीक होतं. पण धानाच्या मुलखात रस्त्याकडेला तणस रचून ठेवायचं म्हणजे ढोरांना जेवायचं आमंत्रण. गावाचा कळप रोज त्याच वाटेने जातो. पोळ्यापर्यंत नुसत्या खुंट्या उरल्या.

इंजिनीअर खुंट्यांकडे बघत मला म्हणाला, "आंटी, ये तो खा गए."

"नहीं खाते तो क्या करते? सूंघ के छोड़ देते?" मी म्हटलं.

जाळी मागवतो, असं तो म्हणाला, पण त्यानंतर त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि इथलं सगळं मुकादमाच्या हातात आलं. मुकादम जवळच्या गावचा, माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला, मला वयनी म्हणणारा. मी तापात असताना त्याने तणसाच्या जागी नाल्यावर नवा आडोसा केला होता. तो मी लांबून पाहिला होता, जवळ गेले नव्हते.

त्या दिवशी तुडूम साफ करून पाळीवर उभी राहिले आणि वर नाल्याकडे पाहिलं, तर आडोशाची ओळ हिरवी दिसली. चालत गेले. सगळ्या काड्या बेशरमीच्या होत्या. आमच्याकडे ही वनस्पती प्रत्येक तलावाच्या काठाला माजलेली असते, जांभळट फुलांची, पोकळ दांड्यांची. ढोरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून लोक तिच्या काड्या बाडीभोवती, घरामागच्या परसाभोवती, कुंपणाला खोचतात. खोचली की उगते. इथेही प्रत्येक काडीला पानं फुटली होती. एक उपटून पाहिली. चिखलात पांढरी मुळं धरली होती. एक तुकडा वाहून थेट बोडीच्या तोंडाशी रुतला होता, आणि तोही फुटला होता.

एकदा बेशरम बोडीत शिरली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पलीकडच्या गावात एक बोडी होती. आता तिथे पाणी दिसत नाही, पाणकोंबड्या गेल्या, मागूर मासे गेले, मालकाने जड धान लावणं सोडलं आणि मग शेतच सोडलं. माझंही तसंच होणार होतं. बोडी गेली की शेत जाईल, आणि शेत गेलं की मी इथे का राहते या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरणार नाही. मुलगा तो प्रश्न दर आठवड्याला विचारतो.

मुकादम रोलरच्या सावलीत तंबाखू मळत बसला होता.

"भाऊ, नाल्यावर बेशरम कोनं लावली?"

"मीच लावली जी, वयनी. काऊन? माती अडली का नाई?"

माती अडली होती. ते खोटं कसं म्हणू? "अडली. पन ते उगून राहिली ना."

"उगली त उगली. अजून मजबूत होते. तुमच्या बाडीले काय आहे मंग? बेशरमच आहे ना?"

"बाडीत पानी नाई रायत. बोडीत रायते. दोन वर्सांत माही बोडी दिसनार नाई. काढून घ्या आजच."

त्याने तंबाखू ओठात ठेवली आणि वर आभाळाकडे बोट केलं. "हे पाहून राहिल्या का? उद्या सांजेपर्यंत पानी येते. आज काढली त सारी माती बोडीत. मंग तुमीच मले बोलान."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रस्त्याच्या कडेला कच्च्या मातीचा ढीग माणसाएवढा उभा होता. मी विचारलं, "दुसरं काई लावा मंग. जाळी येनार होती ना?"

"साहेब आनते म्हनत होते."

"कवा येते साहेब?"

"ते साहेबालेच माहीत." मग तो आवाज मऊ करून म्हणाला, "वयनी, राग नका मानू. एकल्या जीवाले किती पानी लागते? पोराकडे जाऊन आरामात राहा. सून हातात चहा आनून देईन."

"तुमच्या सुनेनं देल्ला का कवा?"

रोलरवरचा ड्रायव्हर एवढा हसला की त्याने इंजिन बंद केलं. मुकादमही हसला. मी घरी आले. बोलण्यात जिंकले होते, काम तिथेच राहिलं होतं.

संध्याकाळी मुलाचा नागपूरहून फोन आला. मी नाल्याचं सांगितलं. तो नीट ऐकतो, पण ऐकून झालं की त्याच जागी येतो.

"आई, विकून टाक ना. फाट्यावरच्या जागेला आता गिऱ्हाईक मिळेल."

"जागेला मिळेल. बोडीला नाही मिळणार. ते ती बुजवतील."

"तू तिथे बोलतेस तरी कुणाशी?"

"तुझ्याशी बोलते आहे," मी म्हटलं. मग तिकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

मी तांदूळ घ्यायला कोठीच्या खोलीत गेले. तिथे ढोली उभी होती. बांबूची विणलेली, माणसाच्या डोक्यावर जाणारी, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. घर भरलेलं होतं तेव्हा वर्षाचं धान तीत मावायचं आणि तरी खायला कमी पडायचं. आता मळणी झाली की धान सरळ खरेदी केंद्रावर जातं आणि माझा वर्षाचा तांदूळ दोन डब्यांत बसतो. तरी दर दिवाळीला मी ढोलीला हात फिरवायचे, भेगा बुजवायचे, उंदरांनी कुरतडलेलं विणून घ्यायचे. कशासाठी, असं कुणी विचारलं नाही म्हणून उत्तर शोधायची वेळ आली नव्हती.

मी तिच्यावर बोटांनी टकटक केलं. लिंपण पाण्याने निघून जाईल आणि बारीक फटींची वीण उरेल, तीतून पाणी जाईल, माती नाही. ढोली म्हणजे शेवटी गोल करून उभी केलेली बांबूची भिंत. मी भात लावला, जेवले आणि कोयत्याला धार लावून ठेवली.

सकाळी उजाडल्यावर ढोली आडवी पाडली आणि उभी चिरली. दारातून ती निघेना, तेव्हा दोन तुकडे केले. गुंडाळून दोरीने बांधले आणि पाळीवरून ओढत नाल्यापर्यंत नेले. दोन खेपा झाल्या. बेशरमीच्या ओळीच्या खालच्या अंगाला तुकडे एकापुढे एक उभे केले, घरामागच्या जुन्या वाशांच्या खुंट्या ठोकल्या, बुडाला दगड आणि माती दाबली. आडोसा आधी उभा राहिला पाहिजे आणि बेशरम नंतर निघाली पाहिजे, हा क्रम मी सोडला नाही. मग काड्या उपटायला घेतल्या. मोडू न देता, मुळासकट.

मुकादम कामावर आला तो नाल्यापाशी थांबला.

"वयनी, हे ढोली व्हय ना? अन धान कायच्यात भरान आता?"

"डब्यात. एकल्या जीवाले किती लागते?"

तो पहार घेऊन खाली उतरला, सैल राहिलेल्या दोन खुंट्या त्याने खोल ठोकल्या. मग वरून रोलरवाल्याने हाक मारली आणि तो गेला. जाताना पहार तिथेच ठेवून गेला.

बोडीच्या तोंडाशी रुतलेला तुकडा मी शेवटी काढला. त्यासाठी गुडघाभर पाण्यात जावं लागलं. उपटलेल्या काड्यांचा भारा झाला. मातीवर टाकल्या तर त्या पुन्हा उगल्या असत्या, आणि ओल्या जाळता येत नव्हत्या. म्हणून भारा उचलून नव्या डांबरावर नेला आणि वळणाजवळ कडेपासून मध्यापर्यंत, चाकांखाली चिरडेल असा, पसरला.

पहिला ट्रक वेग कमी करत आला आणि थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"क्या बिछाया है, बाई?"

"घास है. चलाओ ऊपर से."

त्याने चालवला.